कुसळ

डार्लीन हाव्रिलुकला टॅमरॅकमधून काढलं ते एका ईमेलनं, १९९६च्या फेब्रुवारीत. कॅनडातल्या सॅस्काटूनच्या धान्य सहकारी संस्थेत संगणकाच्या खोलीत आम्ही शेजारी बसायचो. बाहेर उणे चौतीस होतं. तिनं संगणकाचा स्क्रीन माझ्याकडे वळवला आणि म्हणाली, "वाच. मोठ्यानं वाचू नकोस."

टॅमरॅक ही ऑपरेटिंग सिस्टम. जगभरातले पन्नासेक लोक ती फुकट, हौसेनं लिहायचे, आणि तिचा सोर्स कोड कुणालाही उघडून वाचता यायचा. प्रमुख होता मिनियापोलिसचा गार्थ लिंडक्विस्ट. लॉगिन करताना कुणी चौसष्ट अक्षरांपेक्षा लांब नाव दिलं तर पासवर्डशिवाय सगळं यंत्र त्याच्या ताब्यात जातं, हे डार्लीननं त्याला चार वेळा कळवलं होतं. पहिल्यांदा सभ्यपणे. चौथ्यांदा तिनं लिहिलं होतं की एवढी भोकं माझ्या आजीच्या चाळणीलाही नव्हती.

त्यावर त्याचं उत्तर असं: "तुझं काम उत्तम आहे. पण तू पायमोज्यात घुसलेल्या कुसळासारखी आहेस. चालणंच मुश्कील होतं. आजपासून तुझा प्रवेश बंद."

"आता काय करणार?" मी विचारलं.

"चालणं मुश्कील," ती म्हणाली आणि कोट घालून घरी गेली.

टॅमरॅकचा सगळा कोड कुणीही उचलून नेऊ शकत होतं, परवानाच तसा होता. तिनं तो उचलला. तळघरात, पिरोगी नावाच्या युक्रेनियन करंज्यांनी भरलेल्या फ्रीझरशेजारी दोन जुनी यंत्रं मांडली आणि नव्या सिस्टमचं नाव ठेवलं स्पिअरग्रास. म्हणजे कुसळच; मी तेच म्हणतो. डिस्क सांभाळणारा कोडचा भाग तिनं माझ्या गळ्यात घातला. हळूहळू आम्ही अकराजण झालो.

तिची पद्धत एकच. कोडची एकेक ओळ वाचायची, आणि चूक सापडली की आधी आपल्याकडे दुरुस्त करायची. मग लिंडक्विस्टला कळवायचं आणि तीस दिवस थांबायचं. एकतिसाव्या दिवशी सकाळी कॉफीच्या आधी ती चूक तारखांसकट जाहीर. त्याला कधी कळवलं, त्यानं काय उत्तर दिलं, किंवा दिलंच नाही.

"एखाद्या वेळी चाळीस दिवस दे की," मी एकदा म्हणालो. "नाताळ आहे."

"त्यानं मला किती दिले होते?"

तिचा नवरा मर्व्ह शांत माणूस, बर्फावर दगड सरकवायचा कर्लिंगचा खेळ खेळणारा. तो मला म्हणाला होता, "दुसऱ्या बायका नवऱ्यावर राग काढतात. माझ्या नशिबानं हिला मिनियापोलिसचा माणूस मिळाला." पण रागानं माणूस एक वर्ष जागेल, दोन वर्षं जागेल. ही तेरा वर्षं दर सहा महिन्यांनी, ठरल्या तारखेला नवी आवृत्ती काढत होती. वडील वारले त्या आठवड्यातही काढली. कुणी कोड पाठवला की कारणं लिहून परत करायची, आणि ती कारणं वाचून कितीतरी जण पळून गेले. टिकले ते मात्र तिच्यासारखेच वाचायला शिकले.

एक गोष्ट मला अजून टोचते. टॅमरॅकमध्ये इंग्रिड सॉल्बर्ग नावाची नवी मुलगी होती. डार्लीननं जाहीर केलेल्या तीन चुका तिच्या निघाल्या. तिची नोकरी गेली आणि तिनं हे कामच सोडलं. मी ते डार्लीनला सांगितलं.

"कोड तिनंच लिहिला होता ना?"

"तपासायचं काम गार्थचं होतं."

ती पुढची ओळ वाचू लागली. नंतर कळलं की तिनं इंग्रिडला पत्र लिहिलं होतं. उत्तर आलं नाही. "तिच्या जागी मी असते तर मीही दिलं नसतं," ती म्हणाली.

पुढे आमचा लॉगिनचा भाग इतका पक्का झाला की बँका, विद्यापीठं, सगळे तो वापरू लागले. अट एकच, वरच्या ओळीतलं लिहिणाऱ्याचं नाव काढायचं नाही. २००९ साली टॅमरॅकनंही तो गुपचूप घेतला. नाव काढून.

ते डार्लीनलाच सापडलं. आम्ही म्हटलं, वकील गाठू. तिला इतकी खूश मी कधी पाहिली नव्हती. "वकील कशाला? गार्थला सांगा, जुलैत इकडे ये."

जुलैत युक्रेनियन चर्चच्या सभागृहात आमचा आठवडाभराचा मेळा असायचा. चाळीसेक माणसं लांब टेबलांवर कोड लिहीत बसायची. नाव काढल्याची बातमी तोवर जगभर फिरलेली. लिंडक्विस्टला न येऊन चालणार नव्हतं. तो आला. पिकलेले केस, गुडघ्यानं अधू. तिला बाजूला घेऊन म्हणाला, "डार्लीन, झालं गेलं..."

"झालं. गेलं नाही." तिनं त्याच्या हातात कागद दिला. "आमच्याकडे सगळं उघड्यावर चालतं. वाच."

तिला काढून टाकणारं ते त्याचंच ईमेल होतं. चाळीस माणसांसमोर त्यानं ते वाचलं. कुसळापाशी आला तेव्हा मागच्या टेबलावरून कुणीतरी फिसकन हसलं. आपल्या सिस्टमचं नाव कुठून आलं हे नव्या पोरांना तेव्हा कळलं. त्याचे कान लाल झाले.

"आता काढलेलं नाव परत लाव. इथूनच."

तो बसला. कोड बदलायला त्याच्याच लोकांची संमती लागत होती, आणि ते उत्तर देईनात. तीन तास तो त्या लोखंडी खुर्चीवर बसून होता. ती समोर बसून त्याच्याकडे न बघता कोबीचे रोल खात होती.

"कॉफी मिळेल का?" त्यानं विचारलं.

"तिकडे आहे. कप धुऊन ठेव."

संध्याकाळी नाव लागलं. त्यानं हात पुढे केला. तिनं हातातला काटा खाली ठेवला नाही.

टॅमरॅक त्यानंतर तीन वर्षं रखडली आणि बंद पडली. तिच्या वापरणाऱ्यांना आमच्याकडे कसं यायचं ते समजावणारं पान लिहायचं होतं. मी म्हटलं, मी लिहितो, जरा सौम्य लिहिलेलं बरं. डार्लीननं ते माझ्या हातून काढून घेतलं. पान चांगलं झालं. एकेक पायरी स्पष्ट, शेंबडं पोरसुद्धा चुकणार नाही असं. फक्त सुरुवातीला, तुम्ही आजवर काय काय उघडं टाकून झोपत होता, याची तारीखवार यादी आहे. ती वगळायला मी दोनदा सुचवलं. दोन्ही वेळा तिनं माझी सूचना कारणं लिहून परत पाठवली.