चहाच्या उतारावरची भेग

माझा थोरला भाऊ दार्जिलिंगकडच्या एका चहाच्या मळ्यात कारकून होता. लग्नानंतरच्या वर्षी ह्यांच्यासोबत मी मंगरूळपीरहून त्याला भेटायला गेले. काळ्या, सपाट रानात वाढलेली मी. तो हिरवागार डोंगर पाहून मला जेवणही सुचेना.

दुसऱ्या दिवशी पाऊस लागला होता. दादानं आम्हाला घरामागचा मळा दाखवायला नेलं. चहाच्या ओळी दोरी लावल्यासारख्या सरळ होत्या, पण एका जागी त्या हातभर खाली सरकल्या होत्या. तिथे जमीन फाटली होती. मी छत्री आत घातली, ती मुठीपर्यंत गेली.

“हे काय हाये, दादा?”

“पावसानं झालं असंल. मळ्याच्या साहेबाले सांगतलं. तो म्हणते, काही होत नाही.”

खालच्या वस्तीतल्या, पानं खुडणाऱ्या बाया मात्र गाठोडी आणि कोंबड्या घेऊन मुकाट्यानं समोरच्या डोंगराकडे निघाल्या होत्या.

“मंग ह्या कायले चालल्या?”

दादा घराकडे वळला. मी त्याच्या अंगणात भिजत बसले आणि म्हटलं, “तू निंघाल्याशिवाय मी उठत नाही.” तो चिडला, ह्यांनीही मला समजावलं, पण मी हलले नाही. शेवटी कपड्यांची पेटी घेऊन तो आमच्यासोबत निघाला.

संध्याकाळी समोरच्या डोंगरावरून आम्ही पाहिलं. वारा नसताना झाडं हलली, आणि दादाचं घर चहाच्या ओळींसकट खाली गेलं. दादानं माझा हात घट्ट धरला.

साहेबाचा बंगला त्याच उतारावर, थोडा वर होता. तिथे अजून दिवा दिसत होता, आणि पाऊस वाढतच होता.