देवाची पोच

बोटीवर इतकी वर्षं काढून मी एकच गोष्ट शिकलो: सही घेतल्याशिवाय माल सोडायचा नाही. बाकी पोहायलासुद्धा शिकलो नाही. शेवटच्या रजेवर घरी आलो तेव्हा पोरीने मला दारात बघितलं आणि आईला विचारलं, "हे काका परत कधी जाणार?" बायको हसली. मला हसू आलं नाही. त्याच रजेत बोटीला रामराम ठोकला, साठलेली पुंजी घातली, कमी पडले ते रत्नागिरीतल्या एका फायनान्सवाल्याकडून उचलले आणि जुना ट्रक घेतला. लागोपाठ तीन हप्ते चुकले तर ट्रक त्याचा, असं ठरलं होतं. ट्रक गेला तर मी परत बोटीवर, हे न ठरवताच ठरलेलं होतं.

ऐंशीच्या दशकात आमच्याकडे एकट्यादुकट्या ट्रकवाल्याशी कुणी कागद करत नसे. भाडं तोंडी ठरायचं आणि तोंडीच बुडायचं. राजापूरच्या वरच्या अंगाला एका गावात देवळाचा सभामंडप नव्याने बांधायचं काम रत्नागिरीच्या एका ठेकेदाराने घेतलं होतं. खाणीवरून जांभ्याचे चिरे वाहायला त्याने मला बोलावलं. डिझेलपुरती उचल लगेच, बाकी भाडं काम संपल्यावर. "कागद कशाला? आपला विश्वास आहे," तो म्हणाला. मी म्हटलं, शेठ, विश्वास बोटीवर चालत नाही. त्याला जवळजवळ ओढतच कोर्टाच्या व्हरांड्यात नेला, स्टँपपेपर घेतला आणि टायपिस्टला मोठ्या रुबाबात मजकूर सांगितला: "सर्व चिऱ्यांची देवाची पोच आणून दिल्यावर भाडे चुकते करावे." देवाची जमीन, देवाची भांडी, देवाचे पैसे, तशी देवाची पोच. देवळाचं जे काही असेल ते देवाचं म्हणायची आमची रीत. ठेकेदाराने कागद दोनदा वाचला आणि हसत सही केली. मला वाटलं, माणूस दिलदार आहे.

हिवाळाभर खेपा टाकल्या. मी, ट्रक आणि डब्यातली भाकरी, तिघंही लाल धुळीने एका रंगाचे झालो. मधल्या दोन खेपा ठेकेदाराने आपल्या नव्या बंगल्याच्या कुंपणासाठी वाटेतच उतरवून घेतल्या. "देवाच्याच हिशोबात धर," म्हणाला. मला भाड्याशी मतलब, मी धरल्या.

शेवटची खेप टाकून मी पोच मागितली आणि तमाशा सुरू झाला. त्या गावात दोन घराणी मानकरी. शिमग्याला पहिला नारळ एकाचा, पालखीला पहिला खांदा दुसऱ्याचा, आणि या दोन पहिल्यांमध्ये पहिलं कोण यावरून दोघांचं बोलणं बंद. नारळवाले म्हणाले, "पयली सही आमची." खांदेवाले म्हणाले, "तेच्या खाली आमी सही करनार नाय." मी नवा कागद काढून म्हटलं, शेजारी शेजारी करा. तर उजव्या हाताला कोण? मग म्हटलं, गोलात करा. नारळवाल्यांनी विचार केला आणि विचारलं, "पन गोल सुरू खयसून करायचो?" हे सगळं ते दोघं मी आणलेल्या चिऱ्यांवर बसून बोलत होते. चिरे मिळाले की नाहीत हे मात्र कुणी सांगेना.

फक्त नारळवाल्यांच्या सहीचा कागद घेऊन ठेकेदाराकडे गेलो. त्याने तो बघितलाही नाही. आपला स्टँपपेपर काढला आणि बोट ठेवून वाचून दाखवला. "यात मानकऱ्यांची पोच कुठे लिहिलीय? देवाची लिहिलीय. तूच सांगितलास ना मजकूर? मग जा, देवाची सही आण." त्याची माणसं खो-खो हसली. तोवर माझे दोन हप्ते चुकले होते आणि तिसरा त्याच आठवड्यात होता. मला इतका राग आला होता की त्याच्या कुंपणावर ट्रक घालावा असं मनात आलं. घातला नाही, कारण अर्धा ट्रक फायनान्सवाल्याचा होता.

घरी येऊन बायकोला म्हटलं, बोटीच्या एजंटाला भेटायला लागणार. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, देवाची पोच मागतोय ना तो? मग देवाकडेच मागा. कौल लावा." आणि पुढे म्हणाली, "मीही येते. तुम्हाला देवाशी बोलायचा पोच नाही." पोरीला ठेवायला कुणी नव्हतं म्हणून तीही ट्रकात बसली.

कौल लावायचा तर गुरव लागतो आणि दोन्ही मानकरी हजर लागतात. दोघेही आले, कारण सही करायची नव्हती. गुरवाने देवाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं: "बा देवा म्हाराजा! ह्या ट्रकवाल्यानं तुझे चिरे आनून टाकले हायत. ते समदे तुला पोचले आसतील तर उजवी पाकळी दे, नसतील पोचले तर डावी दे, पन काय ता येकदा सांग रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" दोघे मानकरी एका सुरात म्हणाले.

पाकळ्या हलेनात. मी देवळात एरवी फारसा जात नाही, पण त्या दिवशी उजव्या पाकळीकडे ज्या नजरेने बघितलं तसं लग्नात बायकोकडेही बघितलं नव्हतं. गुरवाने पुन्हा साकडं घातलं. आणि डावी पाकळी सुटून खाली पडली.

माझ्या तोंडात जे आलं ते देवाला ऐकवण्यासारखं नव्हतं. ट्रक गेला, मी बोटीवर, आणि पोरीचा मी पुन्हा काका. गुरव माझ्याकडे वळून म्हणाला, "देव म्हनतो, समदे नाय पोचले. काय कमी हाय?"

बायकोने मला कोपर मारलं. "कुंपण," ती हळूच म्हणाली.

मग मी सांगून टाकलं, दोन्ही खेपा कुठे उतरल्या ते. नारळवाले म्हणाले, "म्हंजे देवाचे चिरे तेच्या कुंपनाला?" खांदेवाले म्हणाले, "देवाचेच." त्यांनी एकमेकांशी बोललेलं गावाने कित्येक वर्षांनी ऐकलं. पाकळी देवाने पाडली की वाऱ्याने, हे मला आजही ठाऊक नाही. माझ्यापेक्षा तिला हिशोब चांगला येत होता एवढं खरं.

दुसऱ्या दिवशी अख्खा गाव माझ्या ट्रकात चढला. केबिनमध्ये खिडकीची जागा एकच, म्हणून दोन्ही मानकरी मागे हौद्यात उभे राहिले, अगदी एका रेषेत. ठेकेदाराने बंगल्याच्या गेटातून ट्रक आत येताना बघितला, हौद्यातली माणसं बघितली आणि माझ्याकडे धावत आला. त्याचं स्वतःचं बिल अजून देवळाकडे अडकलेलं होतं. हौद्याचा फाळका उघडायच्या आत त्याने माझं सगळं भाडं माझ्या हातात कोंबलं. मी म्हटलं, शेठ, पोच अजून मिळाली नाही. "अरे, पोच कशाला? आपला विश्वास आहे," तो म्हणाला, आणि मला गाडी वळवायची खूण करायला लागला. गाडी वळवायला जागाच नव्हती. माणसं खाली उतरली होती आणि कुंपणाचे चिरे मोजत होती. ते चिरे देवळात न्यायचं भाडंही मलाच मिळालं. ते मात्र मी आगाऊ घेतलं, कागद न करता.

गावकऱ्यांची आणि ठेकेदाराची बाचाबाची बराच वेळ चालली. पोर केबिनमध्ये आईच्या मांडीवर कंटाळली होती. मी वर चढून बसलो तशी तिने माझी बाही ओढली आणि विचारलं, "बाबा, आपण घरी कधी जाणार?"

आत्ता, मी म्हटलं, आणि किल्ली फिरवली. ट्रक नेहमीप्रमाणे पहिल्या फटक्यात सुरू झाला नाही. त्या दिवशी मी त्याला शिवी दिली नाही.