हयात गायिकेचा समग्र संच

रेकॉर्ड एकच निघाली. पण ती निघेपर्यंत ऑफिसात इतके किस्से साठले, की आता त्यांचाच एक संच काढू या, असं देशमुख सर म्हणतात. सर आमचे मालक. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधली आमची कंपनी मॉल, लिफ्ट आणि 'कृपया लाइनवर राहा' यांच्यासाठी संगीत पुरवते. वाजत राहावं पण कोणी ऐकू नये, असं संगीत! मी शारजात वाढले, ग्लासगोला जाऊन जुनी ध्वनिमुद्रणं जतन करायला शिकले आणि इथला हरवलेला आवाज शोधायचा म्हणून परत आले. नोकरी मात्र ही मिळाली.

आवाजही मिळाला. शॅरन. मूळची वसईची, शाळेत माझ्या एक वर्ष पुढे. शाळा-कॉलेजच्या वयात तिने स्वतः सोल गाणी लिहिली, एकटीने गायली आणि घरीच सीड्या करून वाटल्या. सोल म्हणजे चर्चमधल्यासारखं पोटातून येणारं गाणं, फक्त देवाऐवजी माणसासाठी. आता ती दुबई मरीनातल्या एका हॉटेलात सोनेरी विग घालून रोज दुसऱ्यांची गाणी गाते. तिथे तिचं नाव शेरी. मॅनेजर मलिकसाहेबांनीच ठेवलेलं. त्यांना तिचं खरं नावही माहीत नाही, कारण अख्खा बँड एजन्सीमार्फत येतो.

स्वतःचं एक तरी गाणं तिथे गाता यावं, एवढंच तिला हवं होतं. कित्येकदा विचारून झालं होतं. उत्तर ठरलेलं, "गेस्ट को जो पता है, वही गाओ."

मग गेस्टना पत्ता लागावा म्हणून तिची सुरुवातीची सगळी गाणी एकत्र करून एलपी काढायची, असं मी ठरवलं.

*

सरांपुढे मी जीव तोडून बोलले. स्थलांतर, स्मृती, आवाजाचा हक्क. सरांनी शांतपणे ऐकलं.

"लिफ्टमध्ये चालेल?"

"सर, हे काळीज पिळवटून टाकणारं संगीत आहे."

"मग उंच बिल्डिंगमध्ये नको. वर पोचेपर्यंत माणूस हमसून रडायला लागेल."

पण हो म्हणाले.

*

मूळ रेकॉर्डिंग शारजा औद्योगिक क्षेत्रातलं. एका गॅरेजच्या वरची खोली. त्यामुळे प्रत्येक गाण्यामागे खालच्या ग्राइंडरची घरघर. आमच्या साउंड इंजिनिअरने खपून ती काढून टाकली. मी त्याच्याशी भांडून ती परत घालायला लावली. त्या जागेचा प्राण आहे तो, पुसणारे आपण कोण?

शॅरन ऐकायला आली. डोळे मिटून तिने एक गाणं पूर्ण ऐकलं.

"हा आवाज ठेवलास?"

"ठेवणारच. आणि त्यावर चढत जाणारा तुझा तो आर्त स्वर! ग्लासगोत यावर कोणीतरी प्रबंध लिहिला असता."

"अगं, मशीनमुळे मला माझंच गाणं ऐकू येत नव्हतं. म्हणून ओरडत होते."

*

कव्हर दाखवायला मी तिच्या घरी गेले. आंटींनी, म्हणजे शॅरनच्या मम्मीने, चष्मा लावून ते उलटसुलट पाहिलं.

"सगळी गाणी एकदम काढताय? आपल्यात माणूस गेल्यावर काढतात असं."

"आंटी, बाहेर हयात कलाकारांचंही काढतात."

"काढू देत. पण फोटो तरी रंगीत लावा."

कृष्णधवल छायाचित्राची भाषा मी त्यांना समजावून सांगितली. त्यांनी मान डोलावली आणि आत आवाज दिला, "शॅरन, नीट जेवतेस ना गं?"

*

पोस्टरही मीच केलं. सतरा वर्षांच्या शॅरनचा कृष्णधवल फोटो, कुरळे केस, नजर वर. खाली नाव. नावाखाली ही गाणी कधीपासून कधीपर्यंतची ते कळावं म्हणून दोन सालं आणि मध्ये आडवी रेघ. त्याखाली ओळ: 'तिचा आवाज आता कायम आपल्यासोबत.'

हे मी मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं.

पहिलं उत्तर जोशीकाकांचं. "भावपूर्ण श्रद्धांजली." मग हात जोडलेल्यांची रांगच लागली. कोणीतरी विचारलं, "कशाने?"

मी घाईघाईने लिहिलं, "अहो, ती जिवंत आहे!"

जोशीकाका म्हणाले, "अगदी खरं. आपल्या सर्वांच्या मनात."

*

याच जोशीकाकांनी एका गणेशोत्सवात शॅरनच्या हातातून माइक काढून घेतला होता. "बाळ, रडणं पुरे. आरतीला उशीर होतोय." आता त्यांनी लिहिलं, "तिला पहिलं स्टेज मीच दिलं." खाली आमच्या संचाची लिंक. उरलेल्या सगळ्या प्रती बुक झाल्या.

"सर, खुलासा करायला हवा."

"करू की. डिलिव्हरी झाली की करू. खलास."

"हे अनैतिक आहे."

"पोस्टर कोणी केलं?" सरांनी विचारलं.

मी शॅरनला फोन करून माफी मागितली. ती हसत होती. "मी इकडे रिहर्सलला, आणि मम्मी सकाळपासून फोन करतेय. विचारत काही नाही. नुसतं म्हणते, काहीतरी बोल."

*

पोस्टर फिरत फिरत मलिकसाहेबांकडे पोचलं. त्यांनी बँडला बोलावलं.

"यहीं की लड़की थी बेचारी. सब लोग शेअर कर रहे हैं. थर्सडे को ट्रिब्यूट नाइट रखते हैं. शेरी, उसके गाने तब तक सीख लोगी?"

ड्रमर खाली बघत राहिला. शॅरन म्हणाली, "ट्राय करती हूँ, सर."

शॅरनने मला हे सांगितलं तेव्हा मी उठलेच. "मी आत्ता जाऊन त्यांना खरं सांगते."

"शुक्रवारी सांग," शॅरन म्हणाली. "आधी गाऊ दे मला."

गुरुवारी स्टेजच्या कडेला तिचा कुरळ्या केसांचा फोटो, समोर मेणबत्त्या. जोशीकाका पांढरा शर्ट घालून पहिल्या टेबलावर. शेजारी आंटी, लालभडक साडीत, मुद्दाम. विग घातलेली शॅरन आली आणि एकामागून एक सगळी स्वतःची गाणी गायली. कुठेही न ओरडता. हॉलमध्ये चमचा वाजला नाही.

शेवटचं गाणं संपल्यावर मलिकसाहेब डोळे पुसत तिच्याजवळ आले.

"अच्छा गाया, शेरी. सच में. लेकिन ओरिजिनल में जो दर्द था ना, वो अलग ही था."

"हाँ सर," शॅरन म्हणाली. "नीचे मशीन चलती थी."