आईची हाळी
परवा ईदीला शेजाऱ्यांनी मेंढरू आणलं, आन् आखातातल्या रुमैथियाच्या ह्या फ्लॅटात लोकरीचा वास शिरला, तशी मला ती थंडीतली सुट्टी आठवली. तवा नातीला शाळेसाठी कंप्युटरवर घराण्याची वंशावळ करायची व्हती, हरेकाचा फोटो नायतर सरकारी नोंद लावून. माझ्या आईचा फोटो कदी निघालाच न्हाई. लेकानं गावाकडं फोन करून जुन्या शिरगणतीत धुंडाळाय लावलं, तर तितंबी तिचं नाव गावंना. नात रडवेली झाली, "आजी, तुझ्या वरची चौकट ब्लँक आहे." म्या म्हनलं, "अगं, माणसं मोजाय यायचे तवा आमी मेंढरं घिऊन कोकनात असायचो. आई वाटंवरच बाळंत झाली, आन् दुसऱ्या दिशी मला पाटीत घालून चालाय लागली. मेंढरं रोज सांजंला मोजायचो, आमाला कोन मोजनार?" त्याच शुक्रवारी लेकानं आमाला वाळवंटात फिराय नेलं. तितं मेंढरांचा कळप चरत व्हता. मला ऱ्हावलं न्हाई. पदर खोचला आन् आई मेंढरांना द्यायची तीच हाळी दिली, "हुर्रर्र... या या याऽऽ!" समद्या मेंढरांनी माना वर केल्या. त्यांचा राखणदार हसत म्हनला, "अम्मा, किसने सिखाया?" म्या म्हनलं, "मेरी माँ ने." नात वरडली, "आजी, परत! मी रेकॉर्ड करते." आईच्या रिकाम्या चौकटीत तिनं ती हाळीच लावली. बाईंनी वर्गात वाजवली, आन् समदी पोरं तीच हाळी देत घरी गेली म्हनं. आता नात कालेजात हाय. चहा झाला की सैपाकघरातनं मला तीच हाळी देते, आन् मी मुकाट मेंढरागत उठून जाते.