गालातलं तूप

माझ्या थोरल्या भावाच्या गालातला चट्टा साधा आहे, असं मी छातीठोकपणे सांगितलं, आणि ते साजूक तुपाचा आलेख वाचून सांगितलं.

मी जालन्यात एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. सुट्ट्यांत संभाजीनगरच्या एका प्रयोगशाळेत जाऊन गालातून खरवडलेल्या पेशींवर लेझर टाकतो. टाकलेला बहुतेक प्रकाश जसाच्या तसा विखुरतो. अगदी थोडा आपला रंग किंचित बदलून येतो. त्या थोड्याशा प्रकाशाचा आलेख काढला की नमुन्यात चरबी किती, प्रथिनं किती, याचा अंदाज लागतो. निरोगी गालात चरबीचं शिखर उंच दिसतं. कॅन्सर असला की ते खचतं आणि प्रथिनं वर येतात. एवढं मला कळतं. एवढंच कळतं, ही खरी अडचण.

दादा अंकुशनगरला राहतो, उसाच्या वजनकाट्यावर नोकरी करतो. तंबाखू वर्षानुवर्षं त्याच डाव्या गालात. तिथं पांढरा चट्टा आला, तिखट झोंबायला लागलं. जालन्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, छोटा तुकडा काढून तपासायला पाठवू. दादा सुरीला घाबरतो. मला म्हणाला, "तुझी ती मशीन हाय ना? न कापता सांगते म्हणतोस. मंग बघ की."

इथं मी म्हणायला हवं होतं की दादा, आमचं अजून शिकणंच चालू आहे, तू आधी तुकडा दे. पण घरात आजवर माझ्या मशीनची कुणी चौकशी केली नव्हती. मी फुगलो. त्याला ऐटीत चूळ भरायला लावली, ब्रशनं चट्टा खरवडला, काचपट्टीवर वाळवला आणि एसटीत मांडीवर डबा धरून संभाजीनगर गाठलं. पाण्यानं तूप निघत नाही, हे भांडी घासणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. मी भांडी घासत नाही.

आलेख आला. चरबीचं शिखर असं उभं, की पडद्याबाहेर जायला बघत होतं. तसं शिखर मी कुठल्याच गालात पाहिलं नव्हतं. शंका यायला हवी होती. मला आनंद झाला. बसस्टँडवरूनच फोन लावला.

"दादा, तुझा गाल माझ्यापेक्षा ठणठणीत आहे."

"बराबर बघितलंस ना?"

"बिलकुल."

तो डॉक्टरांकडं गेला नाही. उसाचा हंगाम संपल्यावर मी अंकुशनगरला गेलो, तर दादा भाकरी दुधात पार लगदा करून खात होता. तोंड पुरतं उघडत नव्हतं. जेवण झाल्यावर वहिनींनी वाटीतलं तूप बोटावर घेतलं आणि लेकराला लावावं तसं त्याच्या गालात आतून फिरवलं.

"हे कधीपासून, वहिनी?"

"चट्टा आला तवापासून. रोज लावते. आग कमी होती."

"मी खरवडून नेलं त्या दिवशी?"

"लावलं होतं की. तुम्ही ब्रश घासणार म्हणून जरा जास्तच लावलं. दुखू न्हाई म्हणून."

वहिनींच्या बरणीतलं थोडं तूप मागून घेतलं, प्रयोगशाळेत नेऊन काचपट्टीवर फासलं. तेच शिखर, तसंच ताठ.

तुकडा मग काढावाच लागला, आणि निकाल यायला नको तो आला. आता दादाचा डावा जबडा नाही. नाकातल्या नळीतून पातळ पेज जाते. तो जे बोलतो ते वहिनींना कळतं, मला कळत नाही. दादा तेव्हाच तुकडा द्यायला आला असता तर किती वाचलं असतं, हे मी डॉक्टरांना अजून विचारलेलं नाही. उत्तर मला माहीत आहे असं वाटतं, म्हणून विचारत नाही.

दवाखान्यात वहिनी दादाचे धुतलेले शर्ट घडी करत बसल्या होत्या. तुपाचा दोष त्या स्वतःकडं घेतील या भीतीनं मी त्यांना सगळं समजावून सांगायला बसलो: लेझर, विखुरलेला प्रकाश, चरबीचं शिखर, चट्ट्यावरचं तूप. चूक तुमची नाही, माझी आहे, असंही सांगितलं. त्यांनी हातातल्या शर्टाची घडी पूर्ण केली आणि माझ्याकडं पाहिलं.

"म्हंजे आपलं तूप चांगलं हाय, एवढं सांगायला तुम्ही संभाजीनगरला गेल्ते, भाऊजी?"