दोन वर्षांच्या मशीनमधलं मीठ

"आधी प्लेटचे रिव्हेट बघा, घाडी. हे लोक प्लेटा बदलतात," देसाई साहेब फोनवर म्हणाले.

मशीन माझ्यासमोर स्टँडवर लटकत होतं. मशीन म्हणजे आउटबोर्ड मोटर. लहान होडीच्या पाठीला बाहेरून अडकवतात ती. वर इंजिन, खाली पाण्यात पंखा. कोळी तिला मशीनच म्हणतात आणि आता मीही. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमच्या डीलरचं वर्कशॉप आहे, तिथे मी सर्व्हिस इंजिनिअर. वॉरंटीचा क्लेम आला की मोटर उघडायची, ती खरंच किती जुनी आहे आणि कशाने बिघडली ते लिहून द्यायचं, ही माझी ड्युटी. हो की नाही ते अंधेरीच्या ऑफिसात देसाई साहेब ठरवतात. त्यांनी होडीत पाय ठेवलेला मी तरी पाहिलेला नाही.

मशीन आणलं होतं खाडीपलीकडच्या कोळीवाड्यातल्या दमयंतीताईंनी आणि त्यांच्या नवऱ्याने, मोरेश्वरने. ऐन हंगामात भर समुद्रात ते जाम झालं. दुसऱ्या होडीने ओढून किनाऱ्याला आणलं. घरात होडी एक, मशीन एक. वॉरंटीत नवीन इंजिन मिळालं तर होडी पुन्हा पाण्यात. नाहीतर मोरेश्वरने दुसऱ्याच्या ट्रॉलरवर खलाशी म्हणून जायचं. ताईंनी हे आल्या आल्या सांगून टाकलं.

साहेबांना संशय आला त्याला कारण होतं. मशीन घेऊन दोनच वर्षं झालेली, पण दिसत होतं दहा वर्षांचं. वरचं कव्हर काढलं तर बोल्टच्या टोप्या गंजून गेलेल्या. खाली झिंकचा एक तुकडा लावलेला असतो. खारं पाणी आधी त्याला खातं आणि बाकीचा धातू वाचतो. तो तुकडा शिल्लकच नव्हता. मी फोटो पाठवले आणि लगेच हा फोन आला.

"काय म्हनतात तुमचे सायेब?" ताईंनी विचारलं.

"म्हणतात मशीन जुनं आहे, प्लेट नवी लावलीय."

"आई शप्पत! म्हनजे आमी चोर?"

"गप गं," मोरेश्वर म्हणाला.

"का गप? यांच्याच दुकानातून घेतलं ना? याच लोकांनी हार घातला मशीनला, आमचा फोटो काढला. तवा नाय जुनं वाटलं?"

मला रागच आला. त्यांचा नाही, साहेबांचा. म्हटलं, थांब, आता बघतोच.

मोटरचं वय शोधायची रीत तशी सोपी आहे. होडीला अडकवायच्या ब्रॅकेटवर नंबरची प्लेट असते. ती बदलता येते, म्हणून रिव्हेट बघायचे. हाताने ठोकलेला रिव्हेट वेडावाकडा बसतो, कंपनीचा एकसारखा. हे कंपनीचेच होते. पण तेवढ्यावर मी कोणाला पास करत नाही. आमच्या मोटरमध्ये तोच नंबर इंजिनाच्या ब्लॉकवरही कोरलेला असतो. सहसा तो कोणाला ठाऊक नसतो. तारेच्या ब्रशने गंज घासून काढला, बॅटरी मारली. अक्षर न् अक्षर जुळलं. शेवटी प्लास्टिकचे भाग पाहिले. साच्यातून निघतानाच त्यांच्यावर एक बारीक गोल शिक्का उमटतो, त्यात महिना आणि वर्ष असतं. सगळे शिक्के दोन वर्षांपूर्वीचे.

"ताई, मशीन तुमचंच. आणि नवंच," मी म्हटलं.

"मग आता देनार ना इंजिन?"

"देतील ना. आता कोण नाही म्हणतो ते बघतो मी!"

ताईंनी बाहेरून सगळ्यांसाठी चहा मागवला. मोरेश्वर पहिल्यांदा हसला.

अर्धं काम अजून बाकी होतं, बिघडलं कशाने ते. कॉम्प्रेशन मोजलं. पिस्टन हवा नीट दाबतोय का, ते गेजवर दिसतं. एका सिलिंडरचा काटा जागचा हलेना. मग हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उघडलं. या मोटरला रेडिएटर नसतो. ती खालून समुद्राचंच पाणी ओढते, इंजिनाभोवती फिरवते आणि मागून बारीक धार सोडते. इंजिन गार राहतं ते असं. पण बंद केल्यावर आत जे खारं पाणी उरतं ते सुकतं आणि मीठ मागे राहतं. या मशीनच्या पाण्याच्या वाटा पांढऱ्या मिठाने पार बुजल्या होत्या. पाणी फिरलं नाही, इंजिन तापलं, पिस्टन चिकटला. खेळ खलास.

"दर्यावरून आल्यावर गोड्या पाण्याने धूत होतात का?" मी विचारलं. प्रत्येक वेळी ड्रमभर गोड्या पाण्यात मशीन थोडा वेळ चालवायचं, असा नियम आहे. विकताना आम्ही ते करूनही दाखवतो.

"बाहेरून रोज पुसायचो ओल्या फडक्याने," मोरेश्वर म्हणाला.

"आतून?"

ताईंनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "सायेब, आमच्याकरं नलाला पानी दिवसाआड. तेबी आलं तर आलं. चार हंडे भरेस्तवर नल बंद. त्यातलं मशीनला पाजू का पोरांना?"

"विहिरीचं?"

"ती खारी."

हेड तसंच टेबलावर ठेवलं आणि हात पुसले.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट घेऊन स्वतः अंधेरीला गेलो. पहिलं वाक्यच लिहिलं होतं, मशीन अस्सल आणि वॉरंटीतलं. देसाई साहेबांनी ते वाचलं आणि चेहरा खुलला.

"व्हेरी गुड, घाडी. कामच झालं."

"म्हणजे इंजिन देताय?"

"अहो, उलट! जुनं असतं तर ते म्हणाले असते, वयामुळे झिजलं, भांडत बसले असते. तुम्हीच सिद्ध केलंत की नवं आहे. दोन वर्षांत ही अवस्था म्हणजे मेन्टेनन्स झीरो, आणि त्याला वॉरंटी लागू नाही. क्लेम रिजेक्ट."

त्या बाईला चोर ठरवू नये म्हणून मी मरमर करून वय शोधलं आणि त्याच वयाने तिचा गळा धरला.

"सर, तिथे पाणीच नाही. माणसांना प्यायला नाही."

"तो आपला विषय आहे का?"

"कोळ्यांना मशीन विकतो आपण, सर. पाणी कुठून आणतील हा विषय कोणाचा मग?"

"घाडी, इमोशनल होऊ नका. कारण काय? मीठ. मीठ का साठलं? धुतलं नाही. यात काही खोटं आहे का?"

खोटं काहीच नव्हतं. तेच तर झोंबलं. पाण्याबद्दल मी चार ओळी लिहिल्या होत्या. त्या त्यांनी माझ्यासमोर खोडल्या आणि रिपोर्ट सहीसाठी पुढे सरकवला. मी सही केली. नोकरी आहे, हप्ते आहेत. मोठा हरिश्चंद्र समजत नाही मी स्वतःला.

आठवड्याने ताई आणि मोरेश्वर मशीन परत न्यायला आले. मी एका बोट क्लबची मोटर टेस्ट टँकमध्ये चालवून बघत होतो. टँक म्हणजे आमचा मोठा हौद, गोड्या पाण्याचा. टेस्ट झाली, मोटर वर घेतली आणि नेहमीसारखा खालचा व्हॉल्व्ह उघडला. पाणी अंगणातून वाहत गटाराकडे निघालं. ताई बघत होत्या.

"गोडं हाय?"

"हो."

"रोज सोडता?"

"तेल उतरतं ना त्यात. बदलावं लागतं."

वाटलं, आता शिव्या घालतील. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. पाणी पायाशी आलं तशी त्यांनी साडी थोडी वर धरली, बाजूला झाल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "उचल." दोघांनी मिळून मशीन टेम्पोत चढवलं. मी हात लावायला गेलो तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या."

मोरेश्वर आता ट्रॉलरवर जातो. होडी काठावर उलटी पडलीय, असं ऐकलं.

तेव्हापासून कोणी कोळी नवीन मशीन बघायला आला की मी विचारतो, घरी नळाला पाणी किती येतं? पुरत नाही म्हणाला तर सांगतो, मशीन घ्यायचं तर घे, पण वॉरंटी आहे असं समजून घेऊ नकोस. सेल्सवाल्यांनी माझी तक्रार वर केलीय. देसाई साहेबांनी मेल पाठवला आहे की सर्व्हिसच्या माणसाने कस्टमरशी फक्त मशीनबद्दल बोलावं.