गतिरोधकापाशी थांबणारी स्कूटर

माझ्या खिडकीखालच्या रस्त्यावर एक गतिरोधक आहे. तो ओलांडला, की शेजारचे सुधाकरराव स्कूटर थांबवून मागे पाहतात. चाकाखाली कोणी आले तर नाही ना, ही शंका त्यांना सोडत नाही. पूर्वी ते परत फिरून सारा रस्ता निरखून येत, आणि तरीही शंका फिटत नसे. गल्लीत या प्रकाराचे हसे होई.

मागच्या हिवाळ्यात ते पत्नीला, नलिनीताईंना, अगदी शांतपणे म्हणाले, "मीच नसलो, तर कोणाला धोका उरणार नाही." ताईंनी ते हसण्यावारी नेले नाही. त्याच दुपारी त्या त्यांना मनोविकारतज्ज्ञांकडे घेऊन गेल्या. हे ताईंनीच मला सांगितले. तेव्हापासून मनात येत राहते, की मुंगीलाही जपणारे मन जपण्याच्या जिवांतून स्वतःला किती सहज वगळते. आपलाही जीव त्यांतलाच आहे, याची आठवण अशा माणसाला दुसऱ्या कोणीतरी द्यावी लागते.

आज सकाळी, ताई मागे बसलेल्या असताना, स्कूटर पुन्हा थांबली.

"गतिरोधकच होता ना गं?"

"डॉक्टरांनी मला उत्तर द्यायला बंदी केली आहे, उत्तराने शंका वाढतेच म्हणून. कितीही लाडीगोडी लावा."

"मग मागे बसून तू करतेस तरी काय?"

"बसलेली असते."

ते किंचित हसले. मान वळू पाहत होती. ताईंचा हात त्यांच्या खांद्यावर नुसता टेकलेला होता. मान वळली नाही. मग स्कूटर हळूच पुढे निघाली, दोघांना घेऊन.